स्पर्स २०२५-२६ : वेम्बी बाकावर असतो ती पंधरा मिनिटं

नदीकाठ | १६ ऑक्टोबर २०२५

येत्या बुधवारी, २२ तारखेला, डॅलसमध्ये आपला, म्हणजे एनबीएतल्या (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सॅन अँटोनियो स्पर्सचा, पहिला सामना. समोर डॅलसच्या नवोदित कूपर फ्लॅगचं पदार्पण, म्हणजे सगळे कॅमेरे त्याच्यावर आणि वेम्बीवर (व्हिक्टर वेम्बान्यामा, आपला उंच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ राखण करणारा खेळाडू) खिळलेले असणार. मी वाट बघतोय ती वेम्बी पहिल्यांदा बाकावर जाऊन बसेल त्या क्षणाची. या हंगामात आपलं काय होणार ते वेम्बी कोर्टवर नसताना ठरणार आहे, असं माझं ठाम मत झालंय.

हिशेब साधा आहे. गेल्या हंगामात वेम्बी सामन्यामागे सरासरी ३३ मिनिटं खेळला. सामना ४८ मिनिटांचा. उरली पंधरा. त्या ३३ मिनिटांत आपण कोणाहीपुढे छाती काढून उभे राहतो आणि उरलेल्या पंधरांत कमावलेलं घालवून बसतो. संपूर्ण हंगाम हेच बघितलं.

जानेवारीतला एक सामना मी बास्केटच्या मागे, वरच्या मजल्यावरून पाहिला. तिथून चेहरे नीट दिसत नाहीत, पण पावलं फार छान दिसतात. समोरचा गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू) स्क्रीनवरून (सहकाऱ्याने अंगाने धरलेल्या आडोशावरून) सुटला, फ्री थ्रो लाइनपर्यंत आला, मान वर केली आणि ड्रिबल करत मागे फिरला. वेम्बीने उडीसुद्धा मारली नव्हती. पेंटमध्ये (बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात) हात पसरून उभा होता, एवढंच. ब्लॉक मोजले जातात (गेल्या हंगामात सामन्यामागे ३.८), पण असे अर्ध्या वाटेतून परतलेले गार्ड कोण मोजणार? दोन मिनिटांनी वेम्बी बसला. तोच गार्ड, तशीच स्क्रीन, तीच लाइन. या वेळी त्याने मान वर केलीच नाही. सरळ घुसला आणि लेअप. पुढच्या वेळी पुन्हा. लागोपाठ तीनदा. माझ्या शेजारी एक आजोबा होते, हेमिसफेअर अरीनाच्या काळापासून सामने बघत आलेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वेम्बी परत येईपर्यंत काही ती घातली नाही.

दुसरा भरवशाचा सेंटरच नव्हता आपल्याकडे. झॅक कॉलिन्स होता, तो गार्ड फॉक्सला आणलं त्या ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) शिकागोला गेला. बॅसी होता, फेब्रुवारीत बियोम्बोला आणलं. मामूने (सँड्रो मामुकेलाश्विली) तर मार्चमध्ये न्यूयॉर्कविरुद्ध १९ मिनिटांत ३४ गुण काढले, ती रात्र मी कधीच विसरणार नाही. पण रोज रात्री येऊन रिम (बास्केटचं कडं) राखेल असा माणूस त्यांत सापडला नाही.

म्हणून माझ्या लेखी या उन्हाळ्यातली सगळ्यात मोलाची बातमी म्हणजे ल्यूक कॉर्नेट. आपल्या नव्या गार्डचं, हार्परचं, कौतुक मलाही आहे, त्यावर पुढे लिहितोच. कॉर्नेटला ४ वर्षांसाठी साधारण ४ कोटी १० लाख डॉलर दिले आणि त्यावर फार कोणी बोललं नाही. सात फूट एक इंच उंची, बोस्टनच्या २०२४च्या विजेत्या संघातला. त्याचं एक वैशिष्ट्य नीट बघा. कोपऱ्यातून कोणी थ्री (लांबून तीन गुणांचा फटका) मारत असेल तर तो शूटरकडे धावत नाही. पेंटमध्येच, आहे तिथून, दोन्ही हात उंच करून सरळ उडी मारतो. हात चेंडूच्या आसपासही पोहोचणार नसतो, पण ऐन नेम धरताना शूटरच्या नजरेसमोरून रिम क्षणभर गायब होते. आणि उडी मारून झाल्यावर हा गडी रिबाउंडसाठी जागेवरच असतो! शिवाय स्क्रीन घट्ट लावतो, आपल्याच संघाचे चुकलेले फटके परत मिळवून देतो. अशा माणसासोबत त्या पंधरा मिनिटांत सामना बरोबरीत राहिला तरी खूप झालं. आघाडी कोणी मागत नाहीये.

सोबत वॉशिंग्टनकडून केली ओलिनिक आलाय. त्याच्याकडून रिमच्या राखणीची अपेक्षा नाही, पण तो बाहेरून फटके मारतो आणि मोठ्या खेळाडूंमध्ये त्याच्यासारखे पास फार थोडे जण देतात.

आता अंदाज. गेल्या वर्षी आपले ३४ विजय, पश्चिमेत (लीगच्या वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये) तेरावे. दहाव्या क्रमांकाच्या डॅलसला ३९ विजय पुरले, सहाव्या मिनेसोटाला ४९ लागले. ४८ विजय मिळवूनही वॉरियर्स आणि मेम्फिस प्ले-इनमध्ये (सातव्या ते दहाव्या संघांची प्लेऑफसाठीची पात्रता फेरी). इतकी ही बाजू अवघड आहे. माझा आकडा ४५ विजय, सातवा किंवा आठवा क्रमांक, आणि प्ले-इनमधून प्लेऑफ.

सहा हंगाम झाले प्लेऑफ बघून. सलग २२ वर्षं प्लेऑफ खेळलेला संघ आहे हा. शेवटची आठवण २०१९ची, डेन्व्हरविरुद्ध सातवा सामना, ९०-८६ ने हरलो. शेवटच्या काही सेकंदांत पॉप (तेव्हाचा प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच) बाजूने जिवाच्या आकांताने ओरडत होता, फाउल करून घड्याळ थांबवा म्हणून. त्या गोंगाटात आपल्या खेळाडूंना ऐकूच गेलं नाही. घड्याळ संपलं. ते चित्र डोळ्यांसमोरून पुसायचंय मला.

तुमचे आकडे लिहा. कारणांसकट.

रानवारा | १६ ऑक्टोबर

फार मनापासून लिहिलंय. पंधरा मिनिटांचं पटलं, पण माझ्या पोटात गोळा येतो तो वेगळ्याच आकड्याने. ४६. गेल्या हंगामात वेम्बी ४६ सामनेच खेळला. फेब्रुवारीत उजव्या खांद्यातल्या नसेत रक्ताची गुठळी निघाली आणि हंगाम तिथेच संपला. त्या दिवसापासून मायामीच्या ख्रिस बॉशचं नाव डोक्यातून जात नाहीये. २०१५मध्ये त्याच्या फुप्फुसांत गुठळ्या, पुढच्या वर्षी पायात, आणि कारकीर्द खलास. अवघा ३१ वर्षांचा होता.

तो परत येतोय याचा आनंद आहेच. पण प्रत्येक सामन्यात तो खांदा धरतो का, दंड चोळतो का, हेच बघत बसेन मी.

नदीकाठ | १६ ऑक्टोबर

रानवारा, ही भीती मलाही होती. त्या काळात मी जे मिळेल ते वाचून काढलं. माझ्या समजुतीप्रमाणे बॉशचं प्रकरण आणि हे प्रकरण यांत मोठा फरक आहे. बॉशला गुठळी पुन्हा झाली, तीही वेगळ्या ठिकाणी. खांद्यातली गुठळी बऱ्याचदा गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत नस दाबली गेल्याने होते. सतत हात वर करून खेळणाऱ्यांमध्ये ती आढळते. कारण सापडलं की त्यावर इलाजही करता येतो.

ब्रँडन इंग्रमचं उदाहरण घ्या. मार्च २०१९मध्ये उजव्या दंडात गुठळी, शस्त्रक्रिया, आणि पुढच्याच हंगामात तो ऑल-स्टार झाला, सर्वांत सुधारलेल्या खेळाडूचा किताबही मिळाला.

औषधं चालू असताना खेळू देत नाहीत, कारण रक्त पातळ झालेलं असतं आणि कोपर लागलं, आपटला, तरी रक्तस्राव थांबवणं अवघड जातं. म्हणूनच हंगाम सोडावा लागला. जुलैमध्ये त्याला खेळायची परवानगी मिळाली. त्याआधी गडी चीनमध्ये शाओलिन मठात राहून आला, नंतर जुना दिग्गज सेंटर हकीम ओलाजुवॉनकडे पोस्टमधले (बास्केटजवळ पाठ करून खेळायचे) डाव शिकला. २१ वर्षांच्या मुलाने असा उन्हाळा काढला यावरून त्याची भूक कळते.

तिसरा पास | १६ ऑक्टोबर

लेख आवडला. निष्कर्ष मात्र पटला नाही. मला चिंता त्या ३३ मिनिटांचीच आहे.

आपले तीन मुख्य गार्ड बघा. कॅसलचा थ्री गेल्या वर्षी २८.५ टक्के. फॉक्स कारकिर्दीत ३३च्या आसपास. हार्पर कॉलेजात तेवढाच. यांच्यातले दोघे एकत्र कोर्टवर आले की समोरचे संघ काय करणार ते उघड आहे. मार्चमधले सामने पुन्हा काढून बघा. कॅसल कोपऱ्यात उभा असायचा आणि त्याच्यावरचा डिफेंडर त्याच्याकडे पाठ फिरवून एक पाय चक्क पेंटमध्ये ठेवायचा. "मार बाबा तू," असं सांगितल्यासारखं. आता वेम्बी आत पोस्ट घेणार म्हणताय, तर तिथे दोन नाही, अडीच माणसं असतील.

मग होतं काय, की वेम्बी स्वतःच बाहेर येऊन थ्री मारतो. गेल्या हंगामात सामन्यामागे जवळजवळ ९ थ्री मारले त्याने. ३५ टक्के जातात, वाईट नाही. पण २.२४ मीटर उंचीचा माणूस रिमपासून आठ मीटरवर उभा राहिला की समोरचा संघ मनातल्या मनात आभारच मानतो.

मी २०१४च्या अंतिम मालिकेमुळे या संघाच्या प्रेमात पडलो. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेत मायामीच्या रे ॲलनच्या त्या फटक्याने काळीज तुटलं होतं, आणि वर्षभराने त्याच मायामीला आपण पाच सामन्यांत संपवलं. डिआव, जिनोबिली, पार्कर, चेंडू कोणाच्याच हातात थांबत नव्हता. एक पास, दुसरा पास, तिसरा पास, आणि कोपऱ्यात डॅनी ग्रीन किंवा लेनर्ड मोकळा. तो तिसरा पास तेव्हाच जमतो जेव्हा कोपऱ्यातल्या माणसाची समोरच्याला भीती वाटते. आज अशी भीती वाटावी असे आपल्याकडे तिघेच. बार्न्स (८२ सामने आणि ४३ टक्के, या माणसाला कोणी दाद देत नाही), व्हसेल आणि शँपेनी. त्यांची मिनिटं कमी करून तीन गार्ड एकत्र खेळवले तर पंधरा मिनिटं राहू द्या, सगळीच मिनिटं गोत्यात.

माझा आकडा ४१.

चिवट | १७ ऑक्टोबर

तिसरा पास यांच्याशी निम्मा सहमत. शूटिंग कच्चं आहेच. पण फॉक्स आल्यावर वेम्बीसोबत किती सामने खेळला? मोजून पाच. फॉक्स फेब्रुवारीच्या सुरुवातीला आला, दोन आठवड्यांत वेम्बी बाहेर झाला, मार्चमध्ये फॉक्सने डाव्या करंगळीची शस्त्रक्रिया करून घेतली. या जोडीचा पिक अँड रोल (एकाने स्क्रीन लावून बास्केटकडे धावायचं, तो डाव) आपण अजून धड पाहिलेलाच नाही! फॉक्ससारखा वेग आणि वेम्बीसारखा लॉब (उंच टाकलेला पास) झेलणारा, यांना थांबवायला समोरचा सेंटर खाली राहिला तर फॉक्स मधल्या अंतरावरून फटका मारणार, पुढे आला तर चेंडू रिमच्या वर. शिवाय शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोणाकडे द्यायचा हा प्रश्न सुटला. २०२३मध्ये क्लच (अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांतल्या) खेळाडूचा किताब सुरू झाला, तो पहिला मानकरी फॉक्सच.

माझे ४७.

शुक्रतारा | १७ ऑक्टोबर

सगळं खरं, पण मला अजून वाईट वाटतं. केविन ड्युरांटसारखा मोठा शूटर मिळत होता. त्याच्या पसंतीच्या यादीत आपण आहोत अशा बातम्या होत्या. कोपऱ्यात भीती हवी म्हणता, तर ड्युरांटपेक्षा मोठी भीती कोणती? गेला ह्यूस्टनला, म्हणजे आपल्याच राज्यात, आपल्याच गटात. ते आधीच ५२ विजय मिळवून दुसरे होते. आता वर्षातून चारदा त्याला आपल्याविरुद्ध खेळताना बघायचं.

नदीकाठ | १७ ऑक्टोबर

शुक्रतारा, ड्युरांट ३७ वर्षांचा झालाय. अजून सुंदर खेळतो, वादच नाही. पण त्याच्यासाठी ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) क्रमांक दोनचा पिक, म्हणजे हार्पर, गेला असता, नाहीतर कॅसल गेला असता. डिलन हार्पर १९ वर्षांचा आहे. रॉन हार्परचा मुलगा, म्हणजे ज्या घरात विजेतेपदाच्या पाच अंगठ्या आहेत तिथे वाढलेला. त्याला घाई करताना मी अजून पाहिलेलं नाही. अंगाला अंग लावून, कधी हळू कधी जोरात, थेट रिमपर्यंत जातो. सप्टेंबरात हाताच्या अंगठ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे सुरुवातीला जपून खेळवतील, ते ठीकच आहे.

वेम्बी २१, कॅसल २०, हार्पर १९. अटलांटाचा २०२७चा पिकही आपल्याकडे आहे. एका वर्षाच्या मोहापायी हे विकायला मन धजत नाही.

आणि तिसरा पास, तुमचा मुद्दा मी रात्रभर घोळवला. मला वाटतं आपण एकाच गोष्टीकडे दोन टोकांनी बघतोय. तीन गार्ड एकत्र खेळवायचेच कशाला? वेम्बी असताना फॉक्स आणि बाजूला शूटर. वेम्बी बसला की हार्पर आणि कॅसल, सोबत कॉर्नेट आणि एखादा शूटर. कॅसल-हार्परला धावायला मोकळं रान, चुकलं तर रिबाउंडला कॉर्नेट. म्हणजे तुमची ३३ आणि माझी १५ दोन्ही सुटतात. हे जमवणं प्रशिक्षक मिच जॉन्सनच्या हातात आहे.

बाकावरची ताई | १७ ऑक्टोबर

जॉन्सनचं नाव निघालं म्हणून लिहिते. त्याच्याबद्दल कोणी फार बोलत नाही याचं मला नवल वाटतं. गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला पॉपला पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि कोणालाही तयारीचा वेळ न मिळता जॉन्सनवर उरलेले ७७ सामने पडले. स्वतःचा संघ नाही, स्वतःच्या योजना नाहीत, आजारी गुरूची खुर्ची सांभाळायची. फेब्रुवारीत वेम्बीही बाहेर झाला. तरी त्याने मुलांना विस्कटू दिलं नाही. कॅसल त्याच्याच हाताखाली वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

२ मेला पॉपने प्रशिक्षकपद सोडल्याचं जाहीर झालं तेव्हा मी कामावर होते. बाहेर गाडीत जाऊन बसले थोडा वेळ. १९९६पासून तोच माणूस, १४२२ विजय, पाच विजेतेपदं. माझ्या धाकट्या मुलीने स्पर्सचा दुसरा प्रशिक्षक कधी पाहिलाच नव्हता. पॉप अजून संघाचा अध्यक्ष आहे, सरावाला येतो, हा मोठा आधार. पण टाइमआउटमध्ये मधोमध आता जॉन्सन असणार आणि या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा स्वतःची घडी बसवायला मिळालीय. माझ्या दृष्टीने हा त्याचा पहिला हंगाम आहे, दुसरा नाही.

आकडा ४४. आणि मुलीचा हट्ट आहे म्हणून तिचाही लिहिते, ५५.

तिसरा पास | १७ ऑक्टोबर

नदीकाठ, वाटणी छान मांडलीत. कागदावर पटते. पण त्यात एक माणूस राहिला.

ख्रिस पॉल. गेल्या वर्षी विसाव्या हंगामात ८२च्या ८२ सामने सुरुवातीपासून खेळला. कॅसल गडबडला की चेंडू त्याच्याकडे जायचा आणि सगळं शांत व्हायचं. वेम्बीला नेमका कुठे पास हवा हे त्याला डोळे मिटून माहीत होतं. या उन्हाळ्यात तो क्लिपर्सकडे गेला. तुमच्या पंधरा मिनिटांत, दोन पोरसवदा गार्ड टर्नओव्हर करायला (चेंडू समोरच्यांना गमवायला) लागले, तर शांत कोण करणार?

नदीकाठ | १७ ऑक्टोबर

खरंय, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बार्न्स आणि ओलिनिक कोर्टवर असतील तर निदान आवाज देणारं कोणीतरी असेल. पण पॉल चेंडू हातात ठेवून सामन्याचा वेग कमी करायचा, ते काम या दोघांचं नव्हे. तुमच्यामुळे माझा आकडा ४५वरून ४४वर आणतो.

कोपरा | १८ ऑक्टोबर

फॉक्स पहिल्या सामन्यात नाही हे धरलंय ना सगळ्यांनी? मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत आहे, सुरुवातीचे काही सामने तरी जाणार. या अशा पश्चिमेत सुरुवातीला चार सामने गमावले की एप्रिलपर्यंत ते भरून निघत नाहीत. आणि फेब्रुवारीत नेहमीप्रमाणे रोडिओसाठी (आपल्या अरीनात भरणारा घोडे-गुरांच्या खेळांचा मेळा) घर सोडून लांबच्या दौऱ्यावर जायचंय. मिनिटांचं राजकारण खरं तेव्हा कळेल, जेव्हा वेम्बीचे पाय जड झालेले असतील आणि त्याला ३३ ऐवजी ३८ मिनिटं खेळवायचा मोह होईल. तो मोह आवरला पाहिजे. किताबांसाठी ६५ सामने लागतात. गेल्या वर्षी ब्लॉकमध्ये सगळ्यांच्या पुढे असूनही सर्वोत्तम बचावपटूच्या शर्यतीतून तो त्यामुळेच बाहेर पडला.

मी ४२ म्हणतो. नव्या अरीनाच्या ४ नोव्हेंबरच्या मतदानाबद्दल इथे बोलायचं का?

नदीकाठ | १८ ऑक्टोबर

कोपरा, अरीनावर वेगळं बोलू, त्यात घराघरांत दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना कळकळ आहे. इथे खेळच राहू दे.

३८ मिनिटांच्या मोहाबद्दल शंभर टक्के सहमत. कॉर्नेट हवा तो त्यासाठीच. तो ती पंधरा मिनिटं नीट सांभाळू शकला, तर फेब्रुवारीत वेम्बीला बसवायला जॉन्सनचा जीव खालीवर होणार नाही.

मी यंदा एक वही केलीय. प्रत्येक सामन्यात वेम्बी बसला तेव्हाचा स्कोअर आणि तो परत आला तेव्हाचा स्कोअर, दोनच आकडे. डॅलसपासून सुरुवात. २४ला न्यू ऑर्लिन्स, मग २६ला घरी ब्रुकलिन. तो सामना मी पुन्हा त्याच वरच्या मजल्यावरून बघणार आहे. एखादा सामना माझा चुकला तर हे दोन आकडे कोणीतरी इथे टाका.

रानवारा | १८ ऑक्टोबर

डॅलसचे मी टाकेन. खांद्याकडे बघत बसणार आहेच, सोबत घड्याळाकडेही बघेन. फॉक्स नाही म्हटल्यावर चेंडू वर कोण आणणार पण?

नदीकाठ | १८ ऑक्टोबर

कॅसल. आणि तो बसला की हार्पर, तेही वेम्बी बाकावर असताना.